"राहू दे, मी करते पटकन"

आजकालच्या मुलांना काहीच येत नाही असं म्हणून मोबाईलच्या नावाने खडे फोडायची आपल्याकडे पद्धतच पडलीये. माझं मत विचाराल तर निम्मा दोष वर टायटलमध्ये लिहिलेल्या वाक्याचा आहे. मुलगा कांदा चिरायला घेतो, त्याला वेळ लागतो, आपल्याला डबा भरायचा असतो, की निघालंच तोंडातून, राहू दे मी करते पटकन. असं दहा-बारा वर्षं पटकन पटकन करत गेलं की घरात एक अठरा वर्षांचं माणूस तयार होतं ज्याला भौतिकशास्त्रात नव्वद मार्क असतात आणि फ्यूज गेला की ते हाका मारतं.

दर मे महिन्यात डोंबिवलीहून माझी भाचरं नाशिकला येतात. मोठीची यंदा बारावी आणि सीईटी झाली, कुठेतरी इंजिनिअरिंगला लागेल आणि बहुतेक हॉस्टेलला जाईल, धाकटा नववीत जाणार. ताईने पाठवतानाच फोनवर सांगितलं, "हिला जरा काहीतरी शिकव गं, साधा चहा येत नाही, उद्या एकटी राहिल्यावर काय करणार आहे देव जाणे." मी म्हटलं शिकवते, पण दोघांनाही शिकवणार आणि तू रोज फोन करून प्रगतीपुस्तक मागायचं नाही.

मी काही टाईमटेबल वगैरे केलं नव्हतं, घरात जे काम येईल ते त्यांच्या अंगावर टाकायचं एवढंच ठरवलेलं. पहिलं आलं ते लाईट बिल. मे महिन्याचं म्हणजे विचारूच नका. मोठीच्या हातात दिलं आणि म्हटलं सांग बघू आपण एवढं काय जाळलं. ती म्हणाली एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे 36 लाख ज्यूल. उत्तर बरोबर आहे, बोर्डात पूर्ण मार्क मिळतील, पण म्हणजे पंखा किती वेळ फिरला असं विचारलं तर गाडी अडली. मग बसलो हिशेबाला. आमच्या हॉलमधला जुना पंखा साधारण 75 वॅटचा, म्हणजे तेरा-साडेतेरा तास फिरला की एक युनिट, आणि ही दोघं आल्यापासून तो जवळजवळ वीस तास फिरतो म्हणजे दिवसाला दीड, महिन्याला 45 युनिट, एका पंख्याचे! हे ऐकल्यावर धाकटा उठून आतल्या खोलीतला पंखा बंद करून आला, जिथे कोणीच नव्हतं. मी आयुष्यभर ओरडून जे झालं नसतं ते त्या भागाकाराने केलं.

मग त्याने गिझरचा विषय काढला. गिझर 2000 वॅटचा, म्हणजे अर्ध्या तासाला एक युनिट, मग आजोबा तासभर चालू ठेवतात तर दोन युनिट जात असतील ना? इथे मोठी म्हणाली नाही रे, पाणी तापलं की थर्मोस्टॅट बंद करतो त्याला, मग फक्त गार होईल तेवढंच परत तापवतो. खरं होतं तिचं. दोघांची जुंपली, मग मीटरच बघू या म्हणून जिन्याखाली गेलो. आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय की एका युनिटला 3200 वेळा लुकलुकणार (प्रत्येक मीटरवर हा आकडा वेगळा असू शकतो, आपापला बघा). एकजण वर बटणं दाबायला आणि एकजण खाली मोजायला, मध्ये जिन्यातून आरडाओरडा, समोरच्या काकू दोनदा दार उघडून बघून गेल्या. गिझर चालू केल्यावर दिवा सेकंदाला जवळपास दोनदा, आणि बाकी सगळ्याचे एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारी बोर्डावरची बटणं) खाली करून नुसता मोबाईलचा चार्जर ठेवला तर एकदा लुकलुकायला दोन मिनिटं थांबावं लागलं. "म्हणजे आई चार्जरवरून उगाच ओरडते" हे धाकट्याने लगेच नोंदवून ठेवलं, ताई माफ कर.

त्याच भरात एमसीबी म्हणजे काय, कुठला कशाचा, खाली पडला तर लगेच वर न करता आधी काय बघायचं, सतत पडत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवायचं आणि स्वतः स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही, हेही झालं. आणि बिलातली ती स्लॅबची भानगड. मोठ्या मोठ्या माणसांना वाटतं की 300 युनिटच्या वर गेलं की सगळं बिल महागाच्या दराने लागतं. तसं नसतं. पहिले 100 त्यांच्या दराने, 101 ते 300 त्यांच्या दराने आणि वर जातील तेवढेच पुढच्या दराने. वर वहन आकार, स्थिर आकार, वीज शुल्क. मोठीने सगळी बेरीज कॅल्क्युलेटरवर जुळवली तेव्हा तिच्या तोंडावर जो आनंद होता तो सीईटीचा पेपर सोपा गेला तेव्हाही नव्हता म्हणे.

गॅस संपला तेव्हा मात्र मी जवळ उभी राहिले, तिथे गंमत नाही. सिलेंडरवर वरच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं, ए बी सी डी पैकी एक. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं पुढे, आणि ती त्या सिलेंडरची पुढच्या टेस्टिंगची तारीख असते. ती उलटून गेलेला सिलेंडर घ्यायचाच नाही. हे मी ज्या ज्या मोठ्या माणसाला सांगितलंय त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलंय, आणि यांची घरं वीस वीस वर्षं गॅसवर चाललीयेत! आत गॅस 14.2 किलो, रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्यावरच छापलेलं असतं, दोन्हीची बेरीज करायची आणि डिलिव्हरीवाल्या दादांना वजन करून दाखवा म्हणायचं. हे म्हणायला धाकटा इतका लाजला की शेवटी आजीच्या पदराआडून म्हणाला. दादांनी हसत हसत काटा काढला, काही रागावले बिगावले नाहीत.

रेग्युलेटर लावल्यावर गळती बघायला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतात का बघायचं, काडी ओढून बघायची नाही (आमच्या गावाकडे हे काडीचे तज्ज्ञ अजून आहेत). वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या दारं उघडी, आणि लाईटचं कुठलंही बटण चालूही नाही आणि बंदही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडू शकते. मग घराबाहेर येऊन 1906 ला, म्हणजे गॅस गळतीच्या हेल्पलाईनला फोन. गॅस हवेपेक्षा जड म्हणून खाली जमिनीलगत साचतो, तेव्हा नुसता वरचा एक्झॉस्ट आठवून उपयोग नाही, आणि त्याचंही बटणच असतं. हे शेवटचं वाक्य मोठीने स्वतःहून म्हटलं. मला तिथेच बरं वाटलं.

स्वयंपाकाबद्दल फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. वरण-भात, एक कोरडी भाजी, अंडा भुर्जी आणि चहा एवढं जमलं की हॉस्टेलवर कोणी उपाशी मरत नाही. कुकरचं झाकण आतली वाफ पूर्ण गेल्याशिवाय ओढायचं नाही, हे मात्र घोकून घेतलं. धाकट्याला प्रश्न पडला की कुकरमध्ये लवकर का शिजतं, मग परत मोठीची ट्यूशन, दाब वाढला की पाणी 100 ऐवजी 120 अंशाच्या आसपास उकळतं वगैरे. एकदा तव्याचा चटका बसला त्याला. आजी हळद घेऊन धावल्या, शेजारून टूथपेस्टची सूचना आली, मी त्याचा हात धरून नळाखाली ठेवला, साधं वाहतं पाणी 20 मिनिटं. वीस मिनिटं नळाखाली उभं राहणं म्हणजे काय ते करून बघा, फार लांब असतात. वर लावायचं काही नाही, आणि फोड मोठा आला किंवा चेहऱ्यावर भाजलं तर सरळ डॉक्टर.

आजींचं म्हणजे आमच्या सासूबाईंचं पहिल्या दिवशी चाललेलं, "अगं पाहुणा आलाय पोरगा, त्याला काय भांडी घासायला लावतेस?" मुलीला लावलं तेव्हा काही म्हणाल्या नव्हत्या हां, नोंद घ्या. दोन-चार दिवसांनी बघते तर ओट्याशी त्याच उभ्या आणि त्याला सांगतायत, कढईचा तळ आधी, मग कडा, मग बाहेरून. माझा अंदाज असा आहे की पोराने काम केल्याचा त्यांना त्रास नव्हताच, ते वाईट केल्याचा होता.

पण सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? फोन करणं! मेसेज नाही, फोन. मोठीला दाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायची होती. "अॅपवर नाही का होत?" नाही होत. "मग तू कर ना मावशी." नाही करणार. हिने कागदावर लिहून काढलं, हॅलो नमस्कार, मला अमुक दिवशी... आणि पलीकडच्या बाईंनी दुसरंच विचारलं, काय त्रास आहे, आधी आला होतात का, फाईल आहे का. हिने माझ्याकडे बघितलं आणि मी खिडकीतून बाहेर बघायला लागले, अगदी मुद्दाम. पाच सेकंद शांतता. मग ती बोलली, अडखळत बोलली पण बोलली. आपल्याला यात काय विशेष वाटणार, आपण लहानपणी शेजारच्यांच्या लँडलाईनवर नातेवाईकांचे निरोप घेतलेली माणसं. या मुलांना अनोळखी आवाजाशी बोलायची वेळच येत नाही, जेवण अॅपवर, रिक्षा अॅपवर, तिकीट अॅपवर. त्यांना भीती वाटते यात त्यांचा काही गुन्हा नाही. त्यानंतर प्लंबर, केबलवाले, इस्त्रीवाले सगळ्यांना फोन तिनेच केले. प्लंबरने "येतो उद्या" म्हटल्यावर उद्या किती वाजता हे विचारायचं असतं, हे शिक्षण तर अनुभवानेच येतं.

बँकेतही हेच. चेक भरायचा होता. कोपऱ्यात दोन रेघा का मारतात, रक्कम अक्षरी लिहून पुढे 'फक्त' का लिहितात, चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, स्लिपचा अर्धा भाग शिक्का मारून आपल्याकडे ठेवायचा. काऊंटरवरची व्यक्ती वैतागलेली होती, मुलीने चुकीची स्लिप आणली म्हणून जरा आवाज चढला. ती परत गेली, बरोबर स्लिप भरली, परत लाईनीत उभी राहिली. मी बाकावर बसून होते, उठायची फार इच्छा झाली. धाकट्याचं खातं ताईच्या सहीने चालतं, त्याला सांगितलं की रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये नियम केलाय, दहा वर्षांच्या वरच्या मुलांना बँकेने परवानगी दिली तर स्वतःचं खातं स्वतः चालवता येतं. तेव्हापासून ताईच्या मागे लागलाय.

यूपीआय ते मला शिकवतात, ठीक आहे. पण पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन द्यायला लागतो, हे दोघांनाही नीट माहीत नव्हतं. "तुमचे पैसे आलेत, पिन टाका" म्हणणारा चोरच. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत. आणि पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, आईबाबा ओरडतील म्हणून दोन दिवस लपवायचं नाही, लगेच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, कारण जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. मला यातलं लाजायचं नाही हेच महत्त्वाचं वाटतं, बाकी नंबर काय फोनमध्ये सेव्ह करता येतो.

अॅडमिशनची कागदपत्रं हा वेगळ्याच पोस्टचा विषय आहे. दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेयर, दहावीच्या मार्कशीटवरचं स्पेलिंग आणि आधारवरचं स्पेलिंग, हे सगळं आमच्याकडे बाबा लोक फाईल काखेत मारून करतात आणि पोरांना सही कुठे करायची एवढंच माहीत. फाईल हिच्या हातात दिली, कुठल्या कागदाची ओरिजिनल आहे, कुठल्याची झेरॉक्स, डिजिलॉकरमध्ये काय आहे याची यादी तिने केली, तर आईच्या नावात दोन ठिकाणी फरक सापडला. आता ते ताईचं आणि भाऊजींचं काम, मी त्यात नाही.

मला स्वतःला काय जड गेलं म्हणाल तर गप्प बसणं. हात मागे बांधून उभं राहायचं आणि समोर कोणीतरी टोमॅटोचा चेंदा करतंय ते बघायचं, जे मी दोन मिनिटांत केलं असतं त्याला अर्धा तास लागतोय ते बघायचं. रोजच्या नोकरीच्या धावपळीत हे जमत नाही हे मान्य आहे मला, ताईला सकाळी सातची लोकल पकडायची असते, ती कुठून अर्धा तास आणणार. म्हणून सुट्टी बरी, आणि मावशी, आत्या, काका ही माणसं बरी. आईपेक्षा मावशीसमोर मुलं कमी चिडतात हे तर आहेच.

शर्टाचं बटण लावणं झालं, इस्त्री झाली (एक कॉलर गेली), बेडशीटची घडी अजून कोणालाच जमत नाही. सायकलचं पंक्चर राहिलंय, कारण ते मलाच येत नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांना विचारलं, पोरांना दाखवाल का, तर म्हणाले दाखवतो की, पण सकाळी आठच्या आत या, नंतर गिऱ्हाईक असतं. धाकटा आठच्या आत उठत नाही. बघू.