रेघेच्या अलीकडे मी, पलीकडे बाय

मी बी. फार्म. झाले २००२ मध्ये, माझी धाकटी बहीण, बाय, २००४ मध्ये. कॉलेज एकच, पणजीत १८ जून रस्त्यावरचं गोवा कॉलेज ऑफ फार्मसी. सर तेच, लॅब तीच, माझ्या जर्नलातून तिने बिनदिक्कत उतरवलेल्या आकृत्याही त्याच. तरी अमेरिकेच्या लेखी मी तिथल्या परवान्याच्या वाटेवर पाय ठेवायला पात्र आणि ती अपात्र. गंमत अशी की मी फोंड्यात फार्मसी चालवते आणि मला कुठेही जायचं नाही. जायचं होतं ते बायला, आणि लग्न होऊन ती गेलीही.

तिकडे नॅशनल असोसिएशन ऑफ बोर्ड्स ऑफ फार्मसी अशी संस्था आहे. परदेशात शिकलेल्या फार्मसिस्टची पदवी तपासून, परीक्षा घेऊन ती एफपीजीईसी नावाचं प्रमाणपत्र देते. ते मिळाल्यावर राज्याच्या बोर्डाकडे उमेदवारीचे तास भरायचे, मग नॅप्लेक्स ही मुख्य परीक्षा, आणि बहुतेक राज्यांत कायद्याची वेगळी. आता त्या प्रमाणपत्राची अट बघा: १ जानेवारी २००३ च्या आधी पदवी घेतली असेल तर चार वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, त्या दिवशी किंवा नंतर घेतली असेल तर निदान पाच वर्षांचा हवा. आपली बी. फार्म. तेव्हाही चार वर्षांची होती, आजही आहे. वर दोन वर्षांचं एम. फार्म. केलं तरी ती दोन वर्षं ह्या हिशेबात धरत नाहीत, कारण त्यांना मूळ व्यावसायिक पदवीची लांबी पाहायची असते.

रेघ नेमकी तिथेच का मारली? अमेरिकेत त्याच सुमाराला जुनी बी. एस. पदवी मागे पडून फार्म. डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, ही फार्मसिस्ट व्हायची एकमेव पदवी झाली. स्वतःची मुलं जास्त शिकायला लागली, मग बाहेरून येणाऱ्यांकडून चार वर्षं कशी चालवून घेणार? त्यांच्या जागी बसून पाहिलं तर पटतं. बायच्या जागी बसून पाहिलं तर चरफडायला होतं.

नवरा सॉफ्टवेअरमध्ये, ही एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी गेलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर. कामाची परवानगी हातात आल्यावर तिने एका औषध दुकानात टेक्निशियनची नोकरी धरली. निळ्या ट्रेवर चपट्या पट्टीने पाच-पाच गोळ्या सरकवत मोजायच्या, नारिंगी बाटलीत भरायच्या, लेबल लावायचं, विम्याने दावा नाकारला की फोन धरून बसायचं. काम वाईट नाही, पण एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं, "ही गोळी माझ्या बीपीच्या गोळीबरोबर चालेल ना?" की उत्तर माहीत असूनही तिने तोंड मिटून फार्मसिस्टला हाक मारायची. तिथे तो नियमच आहे आणि नियम योग्यच आहे. पण फार्माकॉलॉजीत वर्गात पहिली आलेल्या पोरीने हे रोज करायचं म्हणजे काय होत असेल? फोनवर ती त्याबद्दल बोलत नसे. हवापाण्याबद्दल बोले, त्यावरून मी ओळखायची.

शेवटी तिने फार्म. डी. लाच प्रवेश घेतला, परदेशात शिकलेल्या फार्मसिस्टांसाठी काही विद्यापीठं चालवतात त्या अभ्यासक्रमाला. तुमची आधीची पदवी तपासतात, काही विषयांची सूट देतात आणि चारऐवजी कमी वर्षांत पदवी पुरी करू देतात. कुठे सगळं वर्गात बसून, कुठे थिअरी घरून आणि प्रात्यक्षिक तेवढं प्रत्यक्ष. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, बायला आवडायचं नाही. ह्या वाटेचा फायदा असा की पदवी एसीपीई ह्या मान्यता देणाऱ्या परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमाची असेल तर एफपीजीईसीची भानगडच उरत नाही. तिथल्या मुलांसारखी सरळ नॅप्लेक्स. म्हणजे २००३ ची रेघ पुसली जात नाही, तिला वळसा पडतो.

मला आधी वाटलं होतं, हे म्हणजे शिकलेलंच पुन्हा शिकायचं आणि त्याचे डॉलर मोजायचे. तिचे असाइनमेंट बघायला लागले तेव्हा कळलं की हा धंदा तोच असला तरी शिक्षण वेगळं आहे.

आमची बी. फार्म. कारखान्याकडे तोंड करून बसलेली होती. ट्रेनिंगला मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत होते. डिसइंटिग्रेशनचं यंत्र अजून डोळ्यांसमोर आहे: सहा नळ्या, प्रत्येकीत एक गोळी, ३७ अंशांचं पाणी, जाळी वर-खाली, वर-खाली, आणि साधी कोटिंग नसलेली गोळी १५ मिनिटांत फुटून जाळीखाली गेली पाहिजे. फ्रायेबिलिटीच्या ड्रमात गोळ्यांनी १०० गिरक्या घ्यायच्या आणि वजनात १ टक्क्यापेक्षा जास्त घट यायची नाही. हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. ह्यात कमीपणा काही नाही, वेर्णा-कुंडईहून निघालेल्या गोळ्या कुठल्या कुठल्या देशांत जातात. पण ती गोळी पाण्याच्या नळीतून माणसाच्या पोटात गेल्यावर, आणि त्याहून आधी त्या माणसाच्या डोक्यात, तिचं काय होतं, हे चार वर्षांत आम्हाला कुणी फारसं विचारलं नाही.

तिकडे मुळात कायद्यानेच विचारायला लावलं. १९९० मध्ये त्यांनी 'ओब्रा' नावाचा कायदा केला, तो औषधांच्या बाबतीत १९९३ पासून लागू झाला. मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या, रुग्णाला औषध देताना फार्मसिस्टने समजावून सांगण्याची तयारी दाखवलीच पाहिजे, असं त्यात आलं. राज्यांनी पुढे ते बहुतेक सगळ्याच रुग्णांना लावलं. समजावून सांगणं हा उपकार न राहता कामाचा भाग झाला, की ते शिकवावंही लागतं. आणि ते कसं शिकवतात ते मी माझ्या स्वयंपाकघरात बसून पाहिलंय, कारण बायची रुग्ण मी.

तिची सकाळ, माझी संध्याकाळ. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला. ती विचारते, "डॉक्टरांनी तुम्हाला हे औषध कशासाठी दिलंय म्हणून सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? घेतल्यावर काय होईल म्हणाले?" हे तीन प्रश्न मूळचे तिथल्या इंडियन हेल्थ सर्व्हिसचे, म्हणजे आदिवासींसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेचे. खुबी अशी की फार्मसिस्ट आधी भाषण ठोकत नाही. रुग्णाला काय ठाऊक आहे ते काढून घेतो आणि फक्त भोकं बुजवतो. शेवटी रुग्णाकडून सगळं परत वदवून घ्यायचं. एकदा इनहेलरचा धडा होता. डबा हलवा, श्वास पूर्ण सोडा, तोंडात धरा, हळू आत ओढता ओढता दाबा, दहापर्यंत मोजत श्वास रोखा. मी म्हटलं, समजलं. "समजलं चालायचं नाही ताई, करून दाखव." हातात चहाचा स्टीलचा पेला घेऊन मी करून दाखवलं. "आणि चूळ?" स्टिरॉइडवाल्या इनहेलरनंतर चूळ भरायची असते, नाहीतर तोंडात बुरशी धरते. चूळ राहिल्याबद्दल तिने माझे म्हणजे रुग्णाचे नव्हे, तर स्वतःच्या समजावण्याचे गुण कापले. रुग्ण विसरला तर सांगणाऱ्याचं चुकलं, असा तिच्याकडचा हिशेब.

मग ते प्रश्न मी दुकानात वापरायला लागले. सगळ्यांना नव्हे. तिन्हीसांजेला कदंबा बस पकडायच्या घाईत क्रोसिनची स्ट्रिप मागणाऱ्याला तीन प्रश्न विचारले तर तो उद्यापासून समोरच्या फार्मसीत जाईल. पण जिथे खोटी होऊन चालतं तिथे विचारते. आमचे एक जुने गिऱ्हाईक, बागायतदार आजोबा, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन घेतात. त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. अचानक तो खाली आला. मुलगा तणतणत आला, तुमची कंपनीच बदलली असेल. कंपनी तीच होती, बिलं दाखवली. मग आजोबांनाच बसवलं आणि प्रश्न सुरू केले. कशासाठी? "रक्ताची गोळी." कशी? "रोज रातची, चुकवत नाही." घेताना कशावर लक्ष ठेवायला सांगितलंय? ह्यावर ते मुलाकडे बघायला लागले. जेवणात काही बदल? "बदल कसला, श्रावण पाळतो." म्हणजे मासळी बंद, आणि रोज दुपारी ताटभर तांबडी भाजी, परसातली, कोवळी, खोबरं घालून.

तांबड्या भाजीत व्हिटॅमिन के भरपूर, आणि वॉरफरिन काम करते ती त्याच व्हिटॅमिनच्या विरुद्ध. बायच्या पुस्तकात ह्या ठिकाणी पालक आणि केल लिहिलेलं असतं, तांबडी भाजी तिथे कोण लिहिणार? आणि भाजी बंद करा असं सांगायचं नसतं, हेही तिच्याकडूनच पक्कं झालं. जेवढी खाता तेवढीच वर्षभर सारखी खा, एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका. डॉक्टरांना फोन करून सांगितलं. त्यांनी डोस तसाच ठेवला आणि पुन्हा तपासणी करायला लावली, ती ठीक आली. डोस वाढवला असता आणि चवथ झाल्यावर आजोबा भाजी सोडून बांगड्यावर आले असते तर? बायला कळवलं तर तिला केस मिळाल्याचा आनंद. नावगाव काढून तिने ती वर्गात मांडली, आणि तांबडी भाजी कशी करतात हे अर्धा वर्ग विचारत बसला म्हणे.

आता तिचं शेवटचं वर्ष, रोटेशनचं, म्हणजे पाळीपाळीने वेगवेगळ्या ठिकाणी प्रत्यक्ष काम करण्याचं. ही रोटेशन्स निदान १४४० तासांची, म्हणजे छत्तीस आठवड्यांची असतात: औषध दुकान, हॉस्पिटलचा वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग. वॉर्डात डॉक्टरांच्या राउंडबरोबर फार्मसिस्ट हिंडतो आणि किडनी बघून डोस कमी करा, असं तोंडावर सांगतो. आपल्याकडेही २००८ पासून सहा वर्षांची फार्म. डी. आहे, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि बी. फार्म. वाल्यांना वरून तीन वर्षांत करता येते. पोरं हुशार असतात. पण बाहेर पडल्यावर वॉर्डात त्यांना जागा किती ठेवल्यात, हे त्यांनाच विचारा.

आमच्या नात्यात सध्या एकच चर्चा, बायच्या नावामागे 'डॉ.' लागणार का. एका मामींनी तर गुडघ्याचा एक्स-रेही पाठवून दिला.

तर हे वाचून ज्यांचे डोळे लुकलुकले त्यांच्यासाठी थोडं रोखठोक. मडगावात एका एजंटाने एका मुलीला 'परदेशी फार्मसिस्टांसाठी डॉक्टरेट' म्हणून जे पत्रक दिलं होतं ते मी पाहिलंय. त्यात समुद्रकिनाऱ्याचा फोटो होता, एसीपीईचं नाव कुठेच नव्हतं. परदेशी फार्मसिस्टांसाठी म्हणून चालणारा प्रत्येक अभ्यासक्रम परवान्यापर्यंत नेतोच असं नाही. म्हणून विद्यापीठालाच ईमेल करून एक प्रश्न लेखी विचारायचा: ही पदवी घेतल्यावर एफपीजीईसीशिवाय नॅप्लेक्सला बसता येतं का? गोलगोल उत्तर आलं तर पैसे भरू नका. खासगी विद्यापीठात जाऊन राहून शिकायचं तर राहणं-खाणं धरून आकडा कोटीच्या घरात सहज जातो. आणि नोकऱ्या आता पूर्वीसारख्या वाट बघत बसलेल्या नाहीत. राइट एड ही एवढी मोठी साखळी, २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, २०२५ मध्ये पुन्हा, आणि मग दुकानं बंदच झाली. तिथल्या फार्मसी कॉलेजांकडे घरच्या मुलांचे अर्जही कमी झालेत. आपल्याला एवढं आवतण का येतंय, त्यातलं थोडं उत्तर इथेही असेल असं माझं मत. ज्यांचा संसार आधीच तिकडे आहे त्यांनी जरूर करावं. घर गहाण ठेवून इथून जाणाऱ्याने दहादा विचार करावा. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया ह्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आखातात परीक्षा देऊन लवकर काम मिळतं, तेही तोलून बघावं.

आणि कागदपत्रं. ही कामं इथे असतानाच उरका. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून बंद पाकिटात थेट जावी लागते, ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, स्वतः जाणं आणि तिकडून कुणाला तरी अधिकारपत्र पाठवून जायला लावणं ह्यात फार फरक आहे. बायच्या वेळी ते कुणीतरी मी होते. आमच्या बायकांचं आणखी एक लचांड म्हणजे पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि फार्मसी कौन्सिलची नोंदणी कधी ह्या तर कधी त्या नावाने. आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा, वडिलांच्या नावासकट. जुळत नसेल तर लग्नाचा दाखला जोडून कौन्सिलची नोंद आधी दुरुस्त करून घ्या, मगच ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाका. बायच्या नावातला एक 'एच' सापडेपर्यंत तिच्या प्रवेशाची एक फेरी निघून गेली होती.