अरालेचा चष्मा

आजचं पान 'डॉक्टर स्लम्प'साठी. अकिरा तोरियामा यांची ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 'शोनेन जंप' साप्ताहिकात १९८० ते १९८४ अशी चालली आणि तिचे १८ खंड झाले.

पेंग्विन गावातला शोधक सेनबेई नोरिमाकी हुबेहूब माणसासारखी यंत्रमुलगी घडवतो, आणि तिची नजर निघते अधू! मग अराले चष्मा लावते. गावाला ती त्याची धाकटी बहीण म्हणून माहीत. एका ठोशात पृथ्वी दुभंगावी एवढं तिचं बळ, पण त्याची तिला जाणीवच नाही. पोलिसांची गाडी चिरडते तीही खेळता खेळता. मनात कणभर दुष्टावा नसलेली ताकद, एवढ्या एका कल्पनेवर सगळा विनोद उभा आहे. तोरियामांना खरं तर सेनबेईला नायक करायचं होतं; अरालेला पुढे आणा, हा आग्रह संपादक काझुहिको तोरिशिमा यांचा. त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

भाषांतरात पहिला बळी जातो तो नावांचा. सेनबेई आणि अरारे (अरालेचं नाव जपानीत असंच) हे जपानी तांदळाच्या कुरकुरीत खाऊचे प्रकार, नोरिमाकी म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेलं. आपल्याकडे भावाबहिणीचं नाव चकली आणि शंकरपाळी ठेवावं, तसलं हे. अरारे म्हणजे गारासुद्धा. हे माहीत नसेल तर प्रत्येक हाकेतली गंमत निसटते.

एक शाब्दिक कोटी मात्र देवनागरीत जशीच्या तशी उतरते. खलनायक डॉक्टर माशिरितोचं नाव उलटं वाचा: तो-रि-शि-मा. संपादकसाहेबच! जपानी काना लिपीत एका चिन्हाला एक उच्चार, म्हणून नाव अक्षरागणिक उलटतं. आपणही तसंच उलटवू शकतो. रोमन अक्षरं एकेक करून उलटी लावली तर काहीच हाती लागत नाही.

वाचताना पानं आणि चौकटी उजवीकडून डावीकडे घ्यायच्या. चुकून उलट गेलात तर धडाम् आधी आणि कारण नंतर येतं, विनोद तिथेच मेला. चौकटींच्या कोपऱ्यांतही नजर फिरवा, तोरियामा तिथे बरंच काही दडवतात.

तोएई स्टुडिओची पहिली ॲनिमेशन मालिका फुजी टीव्हीवर ८ एप्रिल १९८१ ते १९ फेब्रुवारी १९८६, २४३ भाग. मंगा संपल्यावरही ती जवळपास दीड वर्ष चालली. मूळचा विनोद दोन-तीन पानांत उडतो आणि संपतो. दर आठवड्याचा पूर्ण भाग भरायचा तर तोच ताणावा लागतो, आणि काही भाग त्यामुळे सैल पडतात. तरी मामी कोयामांच्या आवाजातलं अरालेचं "न्चा!" हे अभिवादन ऐकलं की ते माफ करावंसं वाटतं. १९९७ ते १९९९ ची दुसरी मालिका ७४ भागांची, त्यात अरालेचा आवाज ताएको कावाता यांचा. नव्या माणसाने आधी मंगाचे पहिले दोन-तीन खंड वाचावेत, मग १९८१ ची मालिका लावावी. दुसरी त्यानंतर.

पहिली मालिका संपली आणि पुढच्याच आठवड्यात त्याच वेळेला तोरियामांच्याच पुढच्या मंगावरची 'ड्रॅगन बॉल' सुरू झाली. तिच्यात नायक गोकू सेनापती ब्लूचा पाठलाग करत पेंग्विन गावात पोचतो, आणि ब्लूला आकाशात भिरकावते ती अरालेची डोक्याची धडक. २०१६ मध्ये 'ड्रॅगन बॉल सुपर'च्या ६९ व्या भागात अराले पुन्हा गोकूसमोर उभी राहिली, तेव्हाही आवाज कोयामांचाच होता.