खाल्लेलं अंगी का लागत नाही

बुधवार, रात्री

झिंकचा रिपोर्ट आला. कमी आहे. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, आधीच ७ आलं होतं; ते १५ च्या खाली गेलं की शरीरातला लोहाचा साठा संपला असं धरतात. मॅग्नेशियम तेवढं नॉर्मल, आणि तरी रात्री पोटऱ्यांत गोळे येतातच. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, मॅग्नेशियमच्या नॉर्मलवर विसंबू नका. शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्कासुद्धा रक्ताच्या सीरममध्ये नसतो. बाकीचं हाडांत आणि पेशींत असतं."

ऐकून फार बरं वाटलं. इतकी वर्षं 'रिपोर्ट चांगले आहेत, टेन्शन घेऊ नका' हेच ऐकत आले. थकवा, सारखं तोंड येणं, केस गळणं, दूध प्यायलं की पोट फुगणं, प्रत्येकाला वेगळी गोळी. सगळं एका कागदावर मांडून पाहणारं आत्ता कुणी भेटलं.

या तपासण्या नीट केल्या तरच उपयोगाच्या. झिंकसाठी सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, तेही वेगळ्या ट्यूबमध्ये, कारण साध्या ट्यूबच्या बुचातूनही झिंक रक्तात उतरू शकतं. जेवणानंतर झिंकचा आकडा घसरतो, तापातही घसरतो. फेरिटिनचं उलट. शरीरात कुठे सूज असली की ते वाढलेलं दिसतं आणि कमतरता झाकली जाते. म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्ततपासणी, केलं. ते नॉर्मल आहे, म्हणजे फेरिटिनचा ७ सुद्धा खराच.

संध्याकाळी डॉ. आनंद प्रसाद यांच्याबद्दल वाचत बसले. मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. १९५८ मध्ये इराणात शिराझला त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा. रक्त कमी, वाढ खुंटलेली, माती खायची सवय. जेवण म्हणजे जवळजवळ नुसती रोटी. माणसाला झिंक कमी पडू शकतं हे तेव्हा कुणी धरूनच चालत नव्हतं. ती शंका त्यांनी १९६१ मध्ये मांडली. धान्याच्या कोंड्यातलं फायटेट झिंकला आणि लोहाला धरून ठेवतं, मग ते ताटात असून आतड्यातून पुढे जात नाही.

माझ्या ताटात मात्र डाळी, अंडी, पालेभाज्या सगळं असतं. लोहाच्या गोळ्याही महिनोन्‌महिने घेतल्या. आई म्हणते, हिला खाल्लेलं अंगीच लागत नाही. डॉक्टरांनाही तेच वाटतंय. लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सीलिॲक या आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे पहिला मार बसतो तो तिथेच. दूध पचवणारं लॅक्टेज तिथल्याच बारीक केसाळ उंचवट्यांवर असतं. ते उंचवटे झिजले की दूधही सोसत नाही. म्हणजे ज्या दुधाला मी इतकी वर्षं दोष देत आले, त्याच्यामागे गहू असू शकतो! सीलिॲकसाठीची रक्ततपासणी, टीटीजी-आयजीए, वाढलेली आलीय. आता एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासायचा.

वहिनींनी काळजीपोटी केसांच्या मिनरल टेस्टची आणि शंभरेक पदार्थांच्या आयजीजी पॅनेलची (प्रत्येक पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात मोजणारी तपासणी) जाहिरात पाठवली. दोन्ही करणार नाही. एकाच माणसाचे केस सहा लॅबना पाठवले तर निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत, असा २००१ चा अमेरिकेतला अभ्यास आहे. केसांना लावलेला शांपू आणि डायही आकडे बदलतो. पाऱ्याच्या विषबाधेत केस खरंच बोलतात, इराकमध्ये १९७१-७२ साली पारा लावलेलं बियाणं लोकांच्या खाण्यात आलं तेव्हा त्यांचा उपयोग झाला होता. पण माझा प्रश्न तो नाही. आणि आयजीजी तर आपण तो पदार्थ खातो एवढंच सांगतं. त्या यादीवरून एकेक पदार्थ सोडत गेलं तर आधीच रिकामं शरीर आणखी रिकामं होईल. वहिनींना हे उद्या समजावून सांगेन, त्यांनी मनापासून पाठवलंय.

एंडोस्कोपी होईपर्यंत पोळी सोडायची नाही, नाहीतर आतडं सावरू लागतं आणि तपासणी फसवी निघते. निदान पक्कं झालं तर मग भाकरी-भात आहेच, पण भाजणी, मेतकूट, कुरडया आणि डबीतला बांधानी (पीठ मिसळलेला) हिंग, सगळ्यात गहू असू शकतो. खडा हिंग शोधावा लागेल.

धाकटीचंही हिमोग्लोबिन कधी वर येत नाही, आणि हा आजार घराण्यात चालतो. तिने 'ग्लुटेन फ्री' सुरू करायचं ठरवलंय म्हणे. उद्या सकाळीच फोन करते: आधी रक्त तपासायला दे, मग काय ते सोड.