इंजिन नंतर उघडा, आधी रूळ मोजा

बसून फिरायची छोटी गाडी रुळावरून उतरली की पहिला हात इंजिनच्या झाकणाकडे जातो. तिथं बहुधा काही नसतं. मोटर बिघडली तर गाडी थांबते, उतरत नाही. उतरते ती रुळामुळे नाहीतर चाकामुळे.

म्हणून गाडी उचलायची घाई नको. चाक खाली पडलंय तिथून मागं बघत या. रुळाच्या माथ्यावर तिरपी चमकती रेघ दिसली, तर फ्लँज, म्हणजे चाकाची रुळाच्या आतल्या बाजूला उतरणारी कडा, तिथून वर चढला. आजार त्या रेघेच्या सुरुवातीला आहे. रेघच नाही आणि चाक सरळ आत पडलंय, म्हणजे गेज, दोन रुळांमधलं अंतर, फाकला.

नागपुरात मोतीबागच्या रेल्वे संग्रहालयातला नॅरोगेज ७६२ मिमीचा. आपला सव्वासात इंची म्हणजे १८४ मिमी, त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. तिथं जी चूक खपून जाते ती इथं गाडी पाडते. सरळ रुळावर १८४ धरा, घट्ट वळणावर ३ मिमी जास्त द्या. दर वेळी टेप लावत बसू नका. पट्टी कापून दोन मापांचा ठोकळा करा, एक बसलाच पाहिजे, दुसरा बसता कामा नये.

गेज बरोबर असूनही उतरत असेल तर पीळ बघा, म्हणजे एक रूळ दुसऱ्यापेक्षा खालीवर झालाय का ते. गवंड्याची लेव्हल पाइप घेऊन दोन्ही रुळांची उंची दर मीटरला टिपा. एक रूळ अचानक खचला की चार चाकांपैकी एक अधांतरी राहतं आणि त्याचा फ्लँज वर चढतो. डब्याची एक बोगी (खालची चाकांची चौकट) आडवी डुलू शकेल अशी बसवली, म्हणजे डबा तीन टेकूंवर राहतो आणि थोडा पीळ पचवतो.

पीळ येतो काळ्या मातीमुळे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. ३० सेंमी माती काढून मुरूम दोन थरांत टाका, पाणी मारून धुम्मस करा, वर बारीक गिट्टी. बाजूला नाली हवीच. तिच्याशिवाय मुरूम नुसता चिखल होतो. एवढं करूनही हालचाल पूर्ण थांबत नाही, म्हणून पावसाळा संपला की स्लीपरखाली गिट्टी पुन्हा ठासायचीच.

मग ऊन. नवतप्यात पोलादी रूळ हाताला लागत नाही. तीन मीटरचा पॅनल हिवाळ्यातल्या सकाळच्या १५ अंशांवरून ६० वर गेला की दीड-पावणेदोन मिमी वाढतो. थंडीत बसवताना सांध्यात २ मिमी फट आणि फिशप्लेटला (सांधा जोडणाऱ्या पट्टीला) लांबट भोकं ठेवली नाहीत, तर मे महिन्यात रूळ सापासारखा वळतो. ॲल्युमिनियमचा रूळ जवळपास दुप्पट वाढतो, तेव्हा फटही दुप्पट. भर मे महिन्यात बसवत असाल तर फट जवळजवळ नकोच.

चाकांत आधी पाठीपाठीचं अंतर बघा, म्हणजे एका ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं. व्हर्नियर एकाच ॲक्सलवर तीन ठिकाणी लावा. तीन आकडे वेगळे आले तर ॲक्सल वाकलाय किंवा चाक तिरकं बसलंय. फ्लँज झिजून धारदार झाला असेल तर लेथवर घेतल्याशिवाय उपाय नाही.

बेअरिंग बहुधा ६२०२-२आरएस: आत १५, बाहेर ३५, जाडी ११ मिमी. पावसाळ्यात डबे उघड्यावर राहिले की आत गंज धरतो. रबर सीलचं बेअरिंग डिझेलमध्ये धुवायचं नाही, बदलायचं. ॲक्सलवर चढवताना आतल्या कडीवर पाइपचा तुकडा धरून ठोका. बाहेरच्या कडीवर हातोडी पडली की गोळ्यांचे खळगे उमटतात. बोटानं फिरवलं की कट-कट लागतं. नवं बेअरिंग दोन महिन्यांत बाद होण्याचं हे नेहमीचं कारण.

इतकं झाल्यावर पहिली फेरी पोरांना घेऊन नको. डब्यात मुरमाची पोती ठेवा, माणसाच्या वजनाइतकी. गाडी पायी चालायच्या वेगानं सोडा आणि वळणावर एकानं चाकाकडे वाकून सोबत चालावं. रुळाच्या माथ्यावर आधी खडू घासला असेल, तर फ्लँज कुठं वर चढतोय ते लगेच दिसतं.