ऊस वाढला की नेट जातंय

गणपती विसर्जन झालं की आमच्या दाजींचा फोन येणार हे आता ठरलेलंच आहे. मागच्या वर्षी आला, यंदाही आला. "अरे, विहिरीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडलं की परत नुसतं गोल गोल फिरायला लागलंय बघ, माणूस दिसंना झालंय." कोल्हापूरजवळ वडणग्याला दाजींची शेती, घरापासनं विहीर साधारण अर्धा किलोमीटर, आणि मोटर चोरीला जायची भीती म्हणून मागच्या वर्षी गुढीपाडव्याला मीच तिथं कॅमेरा लावून दिलेला, घरच्या गच्चीवर वायरलेसचा एक छोटा डिश, विहिरीच्या शेडवर दुसरा, आणि मधे नुसती हवा. पाडव्याला एकदम टकाटक चाललं. गणपतीत बोंबललं. मी जाऊन अडॅप्टर बदलला, कनेक्टर परत मारले, चॅनेल बदललं, दाजी म्हणाले पावसानं जात असणार, मीही म्हटलं असंल. आणि डिसेंबरात ते आपोआप सुरू झालं तेव्हा गप बसून सगळं क्रेडिट घेतलं, खोटं कशाला बोलू.

यंदा गेलो तर भाचा घरी. डिप्लोमाचं दुसरं वर्ष, कॉम्प्युटर, युनिट टेस्ट तोंडावर, आणि बस-स्टार-रिंग-मेश-ट्री, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना कसे जोडायचे त्या टोपोलॉजी, असा पाढा म्हणत गच्चीवर येरझाऱ्या घालत होता. म्हटलं काय पाठ करतोयस. तर म्हणे, "मामा, प्रत्येकाचे चार फायदे आणि चार तोटे लिहायला लागतात." वही बघितली. सुंदर आकृत्या, पट्टीनं आखलेल्या, गोलाला गोल जोडलेला. पण एक वायर तुटली तर कोण कोण बोंबलणार, हे एकाही आकृतीखाली लिहिलेलं नव्हतं. माझ्या मते टोपोलॉजी म्हणजे एवढंच बघायचं असतं. बाकी गोल कसेही काढा.

मी हे शिकलो ते पुस्तकातनं नव्हेच. १९९९ साली राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी फुकट राबत होतो, शिकायला मिळतंय म्हणून. बारा कॉम्प्युटर आणि ते सगळे एकाच काळ्या कोॲक्सिअल केबलवर ओवलेले, म्हणजे खरीखुरी बस टोपोलॉजी. प्रत्येक मशीनच्या मागं इंग्रजी टी सारखा एक कनेक्टर, आणि केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर, छोटं टोपण असतंय तसा. विहिरीत ओरडलं की आवाज परत येतो ना, तसा केबलच्या टोकाला गेलेला सिग्नल उलटा फिरून येतो आणि मागनं येणाऱ्यात मिसळतो, ते होऊ नये म्हणून तो टर्मिनेटर सिग्नल तिथंच गिळून टाकतो. आता हे एका पोराला काय माहीत, त्याला ते टोपण आवडलं, काढून गाडीच्या किल्लीला लावलं बेट्यानं. सगळी लॅब बंद. आम्ही दोघंजण दोन तास टेबलाखाली रांगत एकेक जोड हलवून बघतोय आणि हा बाहेर किल्ली फिरवत चहा पितोय! नियमाप्रमाणं त्या केबलला १८५ मीटर लांबी आणि ३० मशीन चालायची, वेग सगळ्यांत मिळून १० मेगाबिट, पण कुणाच्या पायाचा धक्का लागला तर तिसाच्या तीस गार. भाच्याला म्हटलं हा लिही तोटा, एकच लिही पण हा लिही.

रिंगचं मी त्याला फार सांगितलं नाही, आयबीएमची ती टोकन रिंग, एक टोकन फिरत राहणार आणि ज्याच्या हातात टोकन त्यानंच बोलायचं, ही मी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाकडं बघितलेली नाही. पण रिंग मेली असंही नाही, मोठ्या टेलिकॉम कंपन्या शहराशहरांमधलं फायबर आजही गोल फिरवून आणतात, एका बाजूला जेसीबीनं तोडलं की डेटा उलट्या बाजूनं जातो. आणि मेश, म्हणजे सगळ्यांना सगळे जोडलेले. दहा मशीन असतील तर ४५ केबल. वर्गात दहा गुणिले नऊ भागिले दोन करून मार्क मिळतात, पण ४५ केबल ओढा म्हणणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

राहिला स्टार. तुमच्या-आमच्या ऑफिसात, दुकानात, घरात जे असतंय ते बहुतेक हेच, मधे एक स्विच आणि त्याच्यातनं प्रत्येकाला स्वतंत्र केबल. एकाची तुटली तर एकटाच बोंबलतो. मधला गेला तर मात्र सगळे, आणि हे मला २०१९ च्या महापुरानं शिकवलं. शाहूपुरीतल्या एका ऑफिसात मी स्विच खाली ठेवलेला, काउंटरच्या पाठीमागं, केबल दिसायला नको म्हणून. ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आत आलं, पहिल्या मजल्यावरचे सगळे कॉम्प्युटर कोरडे ठणठणीत, आणि नेटवर्क मात्र शून्य, कारण सगळ्यांचा मध्य पाण्याखाली. तेव्हापासनं मी स्विच माळ्यावर चढवतो. गिऱ्हाईक कुरकुरतंय, केबल जास्त लागते म्हणून, लागू दे.

पूर्वी स्विचच्या जागी हब असायचा, दिसायला सेम टू सेम. पण हब म्हणजे गल्लीतला लाउडस्पीकर, एकानं पाठवलेलं सगळ्या पोर्टना, म्हणजे केबल खोचायच्या भोकांना, ऐकू जाणार. स्विच शिकतो, कुठल्या पोर्टवर कुठला मॅक ॲड्रेस, म्हणजे कुठल्या मशीनचा नंबर, आहे ते लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्यालाच देतो. हुशार आहे, पण एका गोष्टीला फसतो. एका ऑफिसात शिपाईमामांनी झाडताना खाली लोंबणारी केबल बघितली, तिची मोकळी पिन स्विचच्या मोकळ्या भोकात खोचली, चांगल्या मनानंच. त्या केबलचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. झालं, सगळ्यांसाठी म्हणून पाठवलेलं डेटाचं पाकीट या भोकातनं बाहेर त्या भोकातनं आत, परत बाहेर परत आत, फिरता फिरता वाढत जातंय, स्विचचे सगळे दिवे दिवाळीच्या माळेसारखे लुकलुकतायत आणि ऑफिसात एक मेल जात नाही. याच्यावरचा उपाय रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी १९८५ मध्ये काढलाय, स्पॅनिंग ट्री, स्विच आपापसात बोलून फेरा कुठं होतोय ते ओळखतात आणि एक वाट बंद ठेवतात. पण स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये ते बहुतेक नसतंय. तिथं शिपाईमामाच सांभाळायला लागतात.

"मामा, ते राहू दे, माझ्या खोलीतलं नेट का स्लो आहे ते सांग," भाचा म्हणाला. प्लॅन ३०० मेगाबिटचा आणि याच्या लॅपटॉपला कितीही वेळा टेस्ट केली तरी ९४. केबलवर असूनही. ९४ हा आकडा दिसला की मला वायर बघायच्या आधीच कळतं. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, दोन दोनच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या, पीळ अशासाठी की बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा बसावा आणि पलीकडं वजा होऊन जावा. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला, म्हणजे हजार मेगाबिटला, चारही. निळ्या नाहीतर तपकिरी जोडीतली एक तार तुटली तर नेट बंद पडत नाही, दोन्ही बाजू बहुतेक वेळा मुकाट्यानं १०० वर उतरतात, आणि माणूस वर्षभर नेटवाल्याला शिव्या घालतो. पलंगाखाली बघितलं तर उंदरानं तपकिरी जोडी कुरतडलेली. कनेक्टर कापून नवा मारला, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, हे मी झोपेत पण म्हणतो असं बायको सांगते. २८० आलं. आणि जाता जाता, केबल घेताना तांब्याचीच घ्या, वरनं तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असली केबल स्वस्त मिळते, ती वाकवली की तुटते.

दाजी खाली चहा घेत ऐकत होते. "एवढं सगळं आहे तर मग माझ्या विहिरीपर्यंत वायरच का टाकली नाहीस तू?"

बरोबर प्रश्न. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच, मग ती कॅट फाइव्ह-ई प्रकारची असो नाहीतर कॅट सिक्स. अर्ध्या किलोमीटरला मधे चार ठिकाणी स्विच आणि चार ठिकाणी लाईट लागणार, शेतात कुठनं आणू? शिवाय वळवाच्या दिवसात वीज कडाडली की उघड्यावरची लांब तांब्याची वायर म्हणजे पोर्ट जळायची हमी, मे महिन्यात माझ्याकडं जळके राउटर ढिगानं येतात. खरा उपाय फायबर. काच आहे ती, आतनं उजेड जातो, करंट जात नाही, अर्धा किलोमीटर तिला काहीच नाही. आता घरोघरी जे फायबर आलंय ते तर वीस किलोमीटरपर्यंत चालतंय, आणि मधल्या डब्यात, एका काचेचा उजेड बत्तीस घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला, वीजच लागत नाही. भाच्याची ट्री टोपोलॉजी ती हीच, गल्लीतल्या खांबावर लटकलेली.

मग फायबर का नाही टाकलं? तर मधे भावकीचं रान आहे. दाजींच्या चुलतभावाच्या बांधावरनं खड्डा मारायला लागला असता आणि त्या बांधावरनं दोघं अकरा वर्षं बोलत नाहीत. वायर्ड की वायरलेस हा निर्णय पुस्तकात वेग, खर्च, सुरक्षितता बघून घेतात. आमच्याकडं बांध बघून घेतला.

तर हवा. गंमत अशी की ही सगळी कथा हवेतनंच सुरू झालेली. हवाई बेटांवर १९७१ मध्ये अलोहानेट सुरू झालं, बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर एकाच रेडिओ चॅनेलवर बोलायचे आणि दोघं एकदम बोलले की थोडं थांबून परत बोलायचे. झेरॉक्सच्या पार्क लॅबमधल्या रॉबर्ट मेटकाफनं ती कल्पना उचलून १९७३ मध्ये केबलमध्ये घातली आणि नाव दिलं इथरनेट. माझी ती राजारामपुरीतली काळी केबल त्याच घराण्यातली. आणि १९९७ मध्ये वायफायचं पहिलं स्टँडर्ड आलं, २ मेगाबिटचं, तेव्हा तीच कल्पना परत हवेत गेली. म्हणजे आज घरात वायफायला बारा मोबाईल जोडले की तुम्ही एका अर्थानं परत त्या एकाच केबलवर आलात, एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. टीव्हीला वायर असेल तर वायर द्या असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठी, टीव्ही कुठं हिंडत नाही, त्याला हवा कशाला.

आता विहीर. मी भाच्याला गच्चीवर डिशजवळ उभा केला. "शेडवरचा डिश दिसतोय काय?" "दिसतोय की मामा, क्लिअर आहे." मलाही मागच्या वर्षी दिसला होता आणि तिथंच मी फसलो. दोन डिशमधनं सिग्नल दोरीसारखा सरळ जात नाही, तो मधे फुगतो, दोन्हीकडं निमुळती काकडी असते तसा. त्या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात, ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच माणसाच्या नावानं, त्यानं तर सगळं काम उजेडावर केलेलं. आमच्या डिशच्या ५.८ गिगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीला अर्ध्या किलोमीटरवर हा फुगवटा मधोमध अडीच मीटर त्रिज्येचा होतो, आणि निदान साठ टक्के तरी मोकळा लागतो. गच्चीवरचा डिश पंचवीस फुटांवर, शेडवरचा बारा फुटांवर. पाडव्याला खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस, गुडघ्याएवढा होता. गणपतीत तोच अकरा फूट. वरनं डिश दिसतोय, पण खालून ऊस काकडीत घुसलाय. उसाचं पान म्हणजे पाणी, सिग्नल पितंय ते, आणि पाऊस पडून पानं भिजली की अजून. पावसाचा दाजींचा संशय म्हणून अर्धा खरा होता. टीव्हीचा डिश पावसात जातो कारण तो १० गिगाहर्ट्झच्या वरचा, आमच्या ५.८ ला पावसाच्या थेंबांनी एवढ्या अंतरात काही होत नाही, ओल्या उसानं होतं. आणि डिसेंबरात माझं क्रेडिट कुठनं आलं? तोड आली होती. टोळीनं ऊस तोडला, नेट सुरू.

दाजी दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दर वर्षी कारखान्याची तोड लवकर यावी म्हणून चिठ्ठी काढायची, ती आता कॅमेऱ्यासाठी पण?"

दुसऱ्या दिवशी शेडवर दोन इंची जीआय पाइप उभा केला, बावीस फूट, तीन बाजूंनी ताण दिले, खाली अर्थिंग केलं, कारण अख्ख्या रानात आता तोच सगळ्यात उंच. सिग्नल उणे ७८ वरनं उणे ५९ वर आला, शून्याच्या जेवढं जवळ तेवढं चांगलं. भाचा खाली फोन धरून आकडे ओरडून सांगत होता आणि मी वर शिडीवर. दाजींनी चष्मा लावून मोबाईलवर चित्र उघडलं, मोटर दिसली, शेडचं दार दिसलं, आणि कोपऱ्यात चुलतभाऊ बांधावर फावडं घेऊन उभा.

दाजी बराच वेळ बघत राहिले.

"हे एवढं झूम होतंय काय रे?"