मिल्टन कीन्स: नव्या शहराच्या पोटातली जुनी गावं आणि पाणी

मिल्टन कीन्स कागदावर जन्माला आलं २३ जानेवारी १९६७ रोजी. युद्धानंतर लंडनची गर्दी हलवायला सरकारने १९४६ साली नव्या शहरांचा कायदा केला. त्यातून उभ्या राहिलेल्या शहरांपैकी हे सर्वात मोठं. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या साधारण मध्यावरची, बकिंगहॅमशायरच्या उत्तरेतली सुमारे ८,९०० हेक्टर जमीन निवडली. जवळून एम-१ महामार्ग जात होता, रेल्वेही होती. अडीच लाख वस्तीचं उद्दिष्ट ठेवलं.

पण ही जमीन मोकळी नव्हती. ब्लेचली, वुल्व्हर्टन आणि स्टोनी स्ट्रॅटफर्ड ही गावं होती, अनेक खेडी होती, मिळून चाळीसेक हजार माणसं होती. शहराला नाव मिळालं तेही अशाच एका खेड्याचं, आणि ते खेडं गवताने शाकारलेल्या घरांसह अजून आहे.

इथले मुख्य रस्ते आडवे-उभे. आडव्यांना 'एच' आणि उभ्यांना 'व्ही' क्रमांक, दोन रस्त्यांत साधारण किलोमीटरभर अंतर. नकाशावर जाळी दिसते, प्रत्यक्षात मात्र रस्ते जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळत जातात. 'व्ही ४' म्हणजे तर चक्क रोमनांचा वॉटलिंग स्ट्रीट! याच रस्त्यावर स्टोनी स्ट्रॅटफर्डला घोडागाड्या थांबायच्या; 'कॉक' आणि 'बुल' ही तिथली दोन जुनी मुक्कामाची ठिकाणं आजही शेजारी शेजारी उभी आहेत. पुढे १८३८मध्ये रेल्वे आली, आणि लंडन-बर्मिंगहॅमच्या अर्ध्या वाटेवर वुल्व्हर्टनचा कारखाना उभा राहिला.

मुख्य रस्त्यांना दुतर्फा इतकी दाट झाडी आहे की मोटारीतून घरं दिसतच नाहीत. पाहुणे म्हणतात, शहर कुठाय? मी त्यांना रेडवेवर घेऊन जाते. पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी केलेल्या या लाल वाटा मोठ्या रस्त्यांच्या खालून किंवा वरून जातात. मुलं एकटी सायकलवरून शाळेत जाताना पाहिली की या शहराबद्दल माया वाटते.

सगळ्यात आवडतात ते इथले तलाव. उत्तरेला ग्रेट ऊझ नदी, पूर्वेला तिची उपनदी ऊझेल, आणि खाली पाणी न मुरू देणारी चिकणमाती. अशा जमिनीवर डांबर आणि छपरं पसरली, तर पावसाचं सगळं पाणी एकदम नदीत जाणार आणि खालच्या अंगाचं न्यूपोर्ट पॅग्नेल बुडणार. म्हणून विलन, कॅल्डेकॉट, फर्झटन हे तलाव खोदले. पुराचं पाणी ते धरून ठेवतात आणि मग हळूहळू सोडतात. नदीकाठच्या पूररेषेत इमारतींऐवजी लांबलचक बागा आहेत. विलनच्या काठावर जपानी बौद्ध भिक्षूंनी १९८० साली शांतिस्तूप बांधला, पाश्चात्त्य जगातला पहिला.

मी नेरुळची, त्यामुळे हे पाहताना नवी मुंबई आठवतेच. ती उभारणारी सरकारी संस्था सिडको १९७०ची, म्हणजे दोन्ही शहरं जवळपास एकाच वयाची. आपल्याकडेही नोडांच्या, म्हणजे आखून वसवलेल्या उपनगरांच्या, मध्ये जुनी गावठाणं आहेत. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलावही आखले होते. कल्पना तितकीच चांगली होती. पण त्या तलावांत गाळ साचला, कांदळवन वाढलं आणि सफाईचा प्रश्न लोंबकळत राहिला.

इथे १९९२मध्ये शहर उभारणारं महामंडळ बंद झालं, तेव्हा बागा आणि नदीकाठ पार्क्स ट्रस्ट नावाच्या स्वतंत्र संस्थेकडे ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. सोबत व्यापारी मालमत्ताही दिल्या, म्हणजे त्यांच्या भाड्यातून गवत कापलं जावं, झाडं राखली जावीत. धारण तलावांसाठी आपल्याकडेही अशीच कायमच्या उत्पन्नाची सोय सुरुवातीलाच करायला हवी होती. अजूनही करता येईल.