न विकलेल्या शेअरवरचा कर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये मी टॅक्स रिटर्न भरून देते. ग्राहकांत मराठी इंजिनिअर बरेच, त्यामुळे आयएसओ ऑप्शन (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क) आणि एएमटी (दुसऱ्या हिशेबाने निघणारा किमान कर) हे शब्द रोजचेच. तरी मार्च २०२२ ची एक केस डोक्यातून जात नाही.

पुण्याकडचं जोडपं. नवऱ्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीचे १०,००० शेअर ऑप्शनमधून २ डॉलरने घेतले, त्या दिवशी बाजारभाव ५२. विकला एकही नाही. "वर्षभर ठेव, लाँग टर्म होईल, टॅक्स कमी लागेल" हा ऑफिसातला सल्ला. माझ्याकडे आले तेव्हा भाव १४.

"ताई, हातात पैसा आलाच नाही, मग टॅक्स कसला?"

नेहमीच्या हिशेबात खरंच काही नाही. पण फॉर्म ६२५१ वर दुसरा हिशेब चालतो. तिथे शेअरमागे ५० डॉलर, म्हणजे ५ लाख डॉलर उत्पन्नात धरले जातात. दोघांचा पगार १,८०,०००. त्यात हे मिळवून १,१४,६०० ची सूट वजा केली. उरलेल्यातल्या पहिल्या १,९९,९०० वर २६ टक्के, त्यापुढे २८. कर आला १,५४,३१४. नेहमीचा कर २५,५७५. फरक १,२८,७३९ डॉलर, तोच एएमटी. कॅलिफोर्नियाचा ७ टक्क्यांचा एएमटी निराळा. सगळे शेअर विकून येणार १,४०,०००. दोन्ही एएमटी भागवायला तेवढे पुरत नव्हते.

"पण नुकसान झालंय ना, ते वजा करा," बायको म्हणाली.

नुकसान होतं, तेही एएमटीच्याच वहीत. तिथे खरेदी किंमत ५२ धरतात, त्यामुळे १४ ला विकल्यावर ३,८०,००० चा तोटा. नेहमीच्या वहीत मात्र त्याच विक्रीवर १,२०,००० चा नफा! आणि तो तोटा २०२२ चा. मागे २०२१ मध्ये नेता येत नाही, टॅक्स कोर्टाने २००६ मध्येच ते नाकारलंय. दुसरा भांडवली नफा नसेल तर वर्षाला फक्त ३,००० वजा होतात. उरलेले ३,७७,००० संपायला सव्वाशे वर्षं लागतील. हा नियम मला आजही अन्यायाचा वाटतो. नफा कागदावरचा असताना सगळा एकदम धरायचा आणि तोटा प्रत्यक्ष झाला की चिमटीचिमटीने द्यायचा!

भरलेला एएमटी फॉर्म ८८०१ वर क्रेडिट म्हणून, म्हणजे पुढच्या वर्षांच्या करातून वजा होऊन, परत येतो, हे मी त्यांना आकडे मांडून दाखवलं. पुढच्या वर्षी सुमारे २७,८००, नंतर पगार असाच राहिला तर वर्षाला दहा-अकरा हजार. म्हणजे दहाएक वर्षं. तोवर हप्ते आणि व्याज.

मला खरा राग आहे तो कंपन्यांचा. ज्या वर्षी घेतले त्याच वर्षी विकले असते तर एएमटीचा प्रश्नच नव्हता. डिसेंबरात भाव ३० होता. २८ डॉलरवर साधा कर भरून बाकीचे पैसे हातात राहिले असते. पण ऑप्शन वापरल्याचा फॉर्म ३९२१ येतो जानेवारीत, ३१ डिसेंबर उलटून गेल्यावर. शेअर देताना समारंभ करणाऱ्या एचआरला डिसेंबरात एक ईमेल पाठवता येत नाही?

ती ईमेल आता मीच पाठवते, दर नोव्हेंबरात, आयएसओवाल्या प्रत्येक ग्राहकाला. यंदा ऑप्शन वापरलेत का, कोणत्या भावाने, किती विकले. निम्मे लोक उत्तर देत नाहीत, त्यांना फोन करते.